मेगन-हॅरीपासून कागल-निपाणीपर्यंत: वेगळ्या वंशातली प्रसिद्ध जोडपी आणि लोकांची मतं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात वाचनालयाच्या कट्ट्यावर, महिला मंडळात आणि कॉलेजच्या पोरांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एका जागी घेतलेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. विषयात जिथं दम आहे तिथं लांबली आहेत.

यात कोणती जोडपी धरली आहेत?

दोघांपैकी एकजण तरी नट, खेळाडू, गायक, राजा किंवा पुढारी म्हणून लोकांना ठाऊक आहे आणि दोघांचा वंश वेगळा आहे, अशी. भारताबद्दल बोलताना मात्र एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडं सोयरीक अडते ती जातीवर, धर्मावर आणि कधीमधी भाषेवर. म्हणून तीही जोडपी घेतलीत.

अमेरिकेत लोकांचं मत खरंच बदललंय का?

बदललंय, आणि भरपूर. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला तुमची मान्यता आहे का, असं गॅलप ही संस्था तिथं १९५८ पासून विचारत आली आहे. पहिल्या वर्षी १०० पैकी ४ जण हो म्हणाले. २०२१ मध्ये ९४ जण.

त्याच १९५८ सालात व्हर्जिनिया राज्यात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवराबायकोच्या घरात रात्री पोलीस शिरले. तो गोरा, ती काळी. लग्न राजधानी वॉशिंग्टनमध्ये रीतसर झालेलं, पण त्यांच्या राज्यात तो गुन्हा होता. कोर्टानं वर्षाची कैद सुनावली, आणि २५ वर्षं या राज्यात जोडीनं पाऊल टाकणार नसाल तर कैद स्थगित, अशी अट घातली. प्रकरण वर गेलं आणि १२ जून १९६७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असे सगळे कायदे रद्द केले. त्या दिवसापर्यंत १६ राज्यांत ते चालू होते.

यातली खरी गोष्ट पुढं आहे. निकालानंतरच्या वर्षी, १९६८ ला, गॅलपला होकार देणारे अमेरिकी २० टक्केच होते. कोर्ट पुढं गेलं आणि लोक कितीतरी वर्षं मागून चालत आले. अलाबामा राज्यानं आपल्या घटनेतलं हे मेलेलं कलम २००० साली मतदान घेऊन काढलं, तेव्हाही दर १० मतदारांमागं ४ जणांनी ते राहू दे म्हणून मत टाकलं. ९४ टक्क्यांचा आकडा वाचताना हे ४ जण विसरू नयेत.

निदान नटनट्यांना तरी सूट मिळत असेल ना?

मिळत नव्हती. सॅमी डेव्हिस ज्युनियर हा त्या काळचा नावाजलेला काळा गायक आणि नट. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेल्या जॉन केनेडींच्या प्रचारात तो राबला. स्वीडिश नटी मे ब्रिटशी त्याचं लग्न ठरलं होतं, पण त्यानं केनेडींची मतं फुटतील म्हणून ते निवडणुकीनंतर, नोव्हेंबरात केलं. तरीही जानेवारी १९६१ च्या शपथविधी सोहळ्याचं त्याचं आमंत्रण परत घेतलं गेलं. सभेला गर्दी जमवायला कलावंत हवा आणि पंगतीला नको, हा प्रकार आपल्याकडं ज्यांनी बघितलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अलीकडं बघायचं तर २०१३ चं उदाहरण घ्या. चीरिओज या नाश्त्याच्या पदार्थाच्या जाहिरातीत गोरी आई, काळा बाप आणि त्यांची चिमुरडी पोर होती, बाकी काही नाही. यूट्यूबवर इतकं वाईटसाईट लिहिलं गेलं की कंपनीला लोकांची मतं बंद करावी लागली. जाहिरात मात्र कंपनीनं मागं घेतली नाही. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

टीका फक्त गोऱ्यांकडूनच होते का?

नाही. काळी टेनिसपटू सेरेना विल्यम्सनं २०१७ मध्ये गोऱ्या अलेक्सिस ओहानियनशी लग्न केलं तेव्हा काळ्या समाजातल्याही काहींनी नाकं मुरडली. ‘आपली’ पोरगी बाहेर गेली, ही तक्रार जगात सगळीकडं एकाच सुरात ऐकू येते. आपली पोरं बाहेर गेली तर तो सूर जरा खाली येतो, एवढाच फरक.

मेगनच्या बाबतीत ब्रिटनमध्ये एवढं का तापलं?

मेगन मार्कल ही अमेरिकी नटी, आई काळी, बाप गोरा; हॅरी ब्रिटनचा राजपुत्र. तिथं लग्न दोन माणसांचं नव्हतं, राजघराण्याचं होतं. हॅरीशी तिचं जमलंय हे बाहेर आल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्येच राजवाड्याला पत्रक काढावं लागलं, आणि वर्तमानपत्रांतल्या लिखाणाला वंशद्वेषाचा वास येतोय असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मे २०१८ मध्ये लग्न झालं तेव्हा रस्त्यावर तुफान गर्दी आणि कौतुक. २०१९ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्या दिवसांत बीबीसीच्या एका निवेदकानं माकडाच्या पिल्लाचा फोटो टाकला आणि नोकरी गमावली. जानेवारी २०२० मध्ये राजघराण्याच्या कामातून बाहेर पडतोय असं दोघांनी जाहीर केलं. मार्च २०२१ च्या मुलाखतीत बाळाच्या रंगाबद्दल घरात बोलणं झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा आग लागली.

बेळगावातल्या एका महिला मंडळात यावर बोलणं चाललं होतं. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “बाळाचा रंग कसा येतोय म्हणून आमच्यात पण विचारतात की ओ. केशराचं दूध कशाला देतात मग?” त्यानंतर तासभर राजघराण्याचा विषय कुणी काढला नाही.

आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना गोरी सून चालते का?

या प्रश्नाला सेरेत्से खामांची हकिकत सांगावी लागते, आणि ती सावकाश सांगावी लागते.

सेरेत्से हे आजच्या बोट्स्वानातल्या (तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या) बामांग्वातो जमातीच्या गादीचे वारस. लंडनला कायदा शिकायला गेले, तिथं रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी १९४८ मध्ये लग्न केलं. गादी सांभाळणारे चुलते भडकले. जमातीची सभा बसली. तिथं तिला ‘खोटला’ म्हणतात, आपल्या गावसभेसारखीच, उघड्यावर. पहिल्यांदा सभेचा कौल विरोधात गेला. पण सभा पुन्हा बसली, आणि १९४९ मध्ये तिसऱ्या खेपेला हजारो लोकांनी कौल दिला की राजा आमचा, त्याची बायकोही आमची.

म्हणजे ज्यांच्या घरात सून यायची होती त्यांनी ती स्वीकारली. अडवलं ते दुसऱ्यांनीच. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेनं त्याच १९४९ साली गोऱ्यांची इतरांशी लग्नं बंद करणारा कायदा केला होता. सीमेपलीकडं गोरी राणी बसलेली तिथल्या सरकारला परवडणारी नव्हती. ब्रिटनला त्या देशाचं सोनं आणि युरेनियम हवं होतं. मग ब्रिटिश सरकारनं सेरेत्सेंनाच त्यांच्या देशात यायला बंदी केली. गादीवरचा हक्क सोडून, साधे नागरिक म्हणून ते १९५६ मध्ये परतले. दहा वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि लोकांनी त्यांनाच पहिले राष्ट्राध्यक्ष केलं. पुढं २००८ मध्ये त्यांचा आणि रूथचा मुलगा इयान राष्ट्राध्यक्ष झाला.

दक्षिण आफ्रिकेतला तो कायदा १९८५ ला गेला. तिथल्या रग्बी संघाचा कर्णधार सिया कोलिसी, पहिला काळा कर्णधार, आणि गोरी रेचेल यांचं लग्न २०१६ मध्ये झालं. देशानं मिरवलं आणि रेचेलला ऑनलाइन शिव्याही खाव्या लागल्या. दोघं २०२४ मध्ये वेगळी झाली.

जपान-कोरियासारख्या देशांत काय?

तिथं जोडप्यापेक्षा त्यांच्या मुलांवर जास्त बोललं जातं. अरियाना मियामोतो २०१५ मध्ये मिस युनिव्हर्स जपान झाली. आई जपानी, वडील काळे अमेरिकी. ही पुरेशी जपानी दिसत नाही, अशी ओरड झाली. पुढच्याच वर्षी मिस वर्ल्ड जपान झाली प्रियांका योशिकावा, तिचे वडील आपल्या बंगालचे. पुन्हा तेच. टेनिसपटू नाओमी ओसाका हिचे वडील हैतीचे. तिच्या आईच्या घरी हे नातं वर्षानुवर्षं मान्य नव्हतं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत तिच्या हातून पेटवली गेली, ती सामना हरली आणि मग ‘हिलाच का निवडलं’ सुरू झालं.

कोरियात २००६ मध्ये वेगळंच घडलं. हाइन्स वॉर्ड हा अमेरिकी फुटबॉलपटू, आई कोरियन, बाप काळा अमेरिकी सैनिक. तो अमेरिकेतल्या या खेळाच्या सर्वांत मोठ्या सामन्याचा मानकरी ठरला आणि ज्या देशात अशा मुलांना हिणवलं जायचं, तिथं त्याचं राजासारखं स्वागत झालं. जिंकलं की आपला.

ब्राझीलमध्ये तर सगळेच मिसळलेले. तिथं प्रश्नच नसेल?

२०२२ च्या जनगणनेत तिथं ४५ टक्क्यांवर लोकांनी स्वतःला मिश्र वंशाचं सांगितलं. तरी १९८० च्या दशकात पेले आणि गोरीपान टीव्ही कलाकार शूशा यांची जोडी वर्षानुवर्षं चघळली गेली. मिसळण होणं वेगळं आणि मान मिळणं वेगळं.

पाकिस्तानात वसीम अक्रमच्या गोऱ्या बायकोला लोक ‘भाभी’ म्हणतात. मग जेमिमाला का नाही म्हटलं?

छान प्रश्न. शनिएरा ऑस्ट्रेलियन, २०१३ मध्ये लग्न. तिला लोकांनी प्रेमानं डोक्यावर घेतलं. इम्रान खान आणि जेमिमाचं लग्न १९९५ चं. तीही गोरी, तिनंही धर्म बदलला, उर्दू शिकली. पण वर्षभरात इम्राननं पक्ष काढला. मग तिच्या वडिलांचं ज्यू मूळ विरोधकांनी बाहेर काढलं, आणि १९९९ मध्ये तर जुन्या फरशा चोरून बाहेर पाठवल्याचा आरोप तिच्यावर आला. नवरा क्रिकेट सोडून सत्तेकडं निघाला की बायकोचा वंश लोकांना आठवतो. आपल्या रजनीकांतचंही थोडं असंच झालं. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, बायको लता तमिळ, १९८१ ला तिरुपतीला लग्न. तमिळनाडूला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो राजकारणात येणार म्हटल्यावर २०१७ मध्ये काही संघटनांना तो परका असल्याचं आठवलं.

सानिया-शोएबच्या लग्नात वंश कुठं होता?

कुठंच नव्हता. धर्म एक, रंग एक, भाषाही एकमेकांना कळणारी. २०१० मध्ये आडवी आली ती देशाची सीमा. तेलंगणानं २०१४ मध्ये तिला राज्याची सदिच्छादूत केलं तेव्हा एका आमदारानं तिला ‘पाकिस्तानची सून’ म्हणून हिणवलं. सीमेवरची सोयरीक म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको, पण त्या वेळी आपल्याकडंही बरेचजण त्या आमदाराच्याच बाजूनं बोलत होते.

प्रियांका-निकबद्दल भारतात वंशावरून कुणी बोललं नाही, म्हणजे आपण पुढारलेले ना?

प्रियांका चोप्रा आणि अमेरिकी गायक निक जोनस यांचं डिसेंबर २०१८ मध्ये जोधपूरला लग्न झालं तेव्हा इथं चर्चा कशाची? ती दहा वर्षांनी मोठी. खर्च किती. दिवाळीत फटाके नकोत म्हणणारीनं लग्नात फटाके कसे उडवले. वंशावरून वाईट लिहिलं ते अमेरिकेतल्या एका नियतकालिकानं, तिनं निकला फसवल्याच्या थाटात. आणि तो लेख त्यांना माफी मागून काढावा लागला.

पण याला पुढारलेपण म्हणायला मी तयार नाही. गोरा जावई आपल्याला कधीच जड गेला नाही. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू ग्लेन मॅक्सवेल आणि तमिळ घरातली विनी रामन यांच्या २०२२ च्या लग्नाची तमिळमध्ये छापलेली पत्रिका देशभर फिरली, लोक खूश झाले. आता नटी नीना गुप्ता आणि वेस्ट इंडीजचा काळा क्रिकेटपटू व्हिव्ह रिचर्ड्स घ्या. १९८९ मध्ये त्यांची मुलगी मसाबा जन्मली. आई अविवाहित, हे मोठं कारण होतंच, पण मुलीच्या रंगावरून आणि केसांवरूनही तिला ऐकावं लागलं. २०१७ मध्येसुद्धा मसाबाला ‘अनौरस वेस्ट इंडियन’ म्हणून डिवचणारे होते, आणि तिनं त्यांना जाहीर उत्तर दिलं. २०२० पर्यंत आपल्या लग्न जुळवणाऱ्या मोठ्या संकेतस्थळावर कातडीच्या रंगावरून स्थळं गाळायची सोय होती. अमेरिकेत वंशावरून आंदोलन पेटलं तेव्हा ती काढली.

आणि वर चीरिओजची जाहिरात सांगितली ती इथं आठवा. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं मुसलमान सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवलं. अमेरिकी कंपनीनं लोकांची मतं बंद केली आणि जाहिरात चालू ठेवली. इथं जाहिरातच काढली गेली.

निदान आपल्या भागात तरी वंशाचा प्रश्न नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी खानापूरच्या जंगलपट्ट्यात चला म्हणतो. तिथं, आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज, शेकडो वर्षं इथलेच. बोलतात कोकणी, मराठी, कानडी. बसमध्ये कंडक्टर त्यांना हिंदीत विचारतो, “किधर जाना है?” आणि समोरून अस्सल खानापुरी मराठीत उत्तर येतं, तेव्हा सगळी बस वळून बघते. हे मी स्वतः बघितलंय. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि कुणी काही बोललं नाही. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले आमदार. पण सिद्दी मुलगा आणि मराठा किंवा लिंगायत मुलगी अशी पत्रिका तुमच्या घरी कधी आली आहे का, ते आठवून बघा.

मराठी माणसांत अशी जुनी जोडपी आहेत का?

आहेत, आणि गाजलेली आहेत. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी गादी सोडल्यावर १९२८ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. धनगर समाजातून विरोध झाला. तोडगा कसा निघाला बघा: करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिची शुद्धी केली, नाव शर्मिष्ठादेवी ठेवलं, आणि तिला रीतसर धनगर घरात दत्तक दिलं. वंश सात समुद्रापलीकडचा चालला, पण जातीत आणल्याशिवाय लग्न लागलं नाही. आपल्या समाजाबद्दल याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

याच तुकोजीरावांची मुलगी सीताराजे कागलच्या घाटगे घराण्यात आली. तिची नात सागरिका घाटगे, नटी. तिनं २०१७ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. निपाणीतून बाहेर पडून कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल. तिथं बसून ज्यांनी मला ‘आमच्या सागरिकाचा नवरा’ म्हणून झहीरचं कौतुक सांगितलं, त्यांच्याच तोंडून गावातल्या अशाच एका जोडप्याबद्दल काय ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

परमवीर चक्राचं चिन्ह जिनं घडवलं ती सावित्रीबाई खानोलकर मूळची स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी तिनं १९३२ मध्ये लग्न केलं. विरोध झाला तो तिच्या वडिलांकडून.

सीमाभागात मराठी-कानडी लग्नं होतात का? लोक काय म्हणतात?

होतात, आणि पिढ्यान् पिढ्या होत आलीत. बाहेरच्या माणसाला हे पटकन पटत नाही, कारण पेपरात आपला भाग येतो तो १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनामुळं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दाव्यामुळं, नाहीतर बसला काळं फासल्यामुळं. पण चिकोडी-निपाणीकडच्या जैनांत, लिंगायतांत, बेळगावच्या देशस्थांत मुलगी कोल्हापूर-सांगलीकडं देणं आणि सून अथणी-गोकाककडून आणणं यात कुणाला नवल वाटत नाही. सासू कानडीत बोलते, सून मराठीत उत्तर देते, नातवंडं दोन्ही भाषांत भांडतात. जात एक असली की भाषा वेगळी चालते. भाषा एक आणि जात वेगळी असली की मात्र बैठक मोडते. सगळं राजकारण भाषेवर आणि सगळ्या सोयरिकी जातीवर, असं आपलं चाललंय.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद झाली. त्याच आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका लिंगायत घरचं लग्न होतं, नवरा कोल्हापूरकडचा, नवरी बेळगावची. वऱ्हाड कागलपर्यंत महाराष्ट्राच्या गाडीतून आलं. तिथं रुखवताची भांडी, नवऱ्याचा फेटा, आजीची औषधाची पिशवी, सगळं रस्त्याकडेला उतरवून कर्नाटक पासिंगच्या क्रूझरमध्ये भरलं आणि मुहूर्ताला अर्धा तास असताना मंडळी कार्यालयात पोचली. पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी. जेवणात कुंदा होता. नवऱ्याचा मामा तेवढा कुरकुरला, तो रस्त्यावरून नाही, मानपानावरून.

कलावंतांकडं बघायचं तर कुमार गंधर्व. सुळेभावीचे, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे, कोमकली घराण्यातला शिवपुत्र. १९६२ मध्ये त्यांनी वसुंधरा श्रीखंडे या मराठी गायिकेशी लग्न केलं. मराठी रसिकांनी कुमारांच्या गाण्यावर रात्र रात्र वाद घातले, त्यांच्या घरात कोणती भाषा बोलतात यावर घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रितेश देशमुख आणि मंगळुरी ख्रिश्चन घरातली जिनिलिया यांनी २०१२ मध्ये दोन्ही पद्धतींनी लग्न केलं. आज अख्खा महाराष्ट्र तिला वहिनी म्हणतो.

याच्या उलट नाटक कंपनीचे मालक, नट-गायक बालगंधर्व. विजापूरकडच्या गोहरबाई कर्नाटकींशी त्यांनी संसार थाटला. गोहरबाई मुसलमान, गाणाऱ्या घरातल्या आणि परमुलखातल्या. कंपनी बुडाली, पैसा गेला, तब्येत गेली, आणि रसिकांनी बरंचसं खापर त्या एकटीवर फोडलं. कंपनीवर कर्ज ती यायच्या आधीपासून होतं, हे सोयीनं विसरलं गेलं. म्हाताऱ्या नाटकवेड्यांच्या तोंडून ‘त्या बाईनं’ अशी सुरुवात मी लहानपणी बेळगावात किती वेळा ऐकली असेन.

जोडी फुटली की बाईलाच का बोल लावतात?

जगभर लावतात. जॉन लेननशी मार्च १९६९ मध्ये लग्न केलेल्या योको ओनोला ब्रिटिश पेपरांनी तिच्या जपानी असण्यावरून झोडलं आणि त्याचा बीटल्स हा बँड फुटला तर तोही तिच्यामुळंच ठरवला. आपल्याकडं हार्दिक पांड्या आणि सर्बियाची नताशा यांनी जुलै २०२४ मध्ये वेगळं होतोय म्हणून सांगितलं. दोनच महिन्यांपूर्वी आयपीएलमध्ये ज्या हार्दिकची हुर्यो उडवली, तो विश्वचषक जिंकून आलेला, म्हणून एकदम बिचारा झाला. आणि ‘परदेशी बायका अशाच’ हे खडेबाजारातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू आलं.

अशा जोडप्यांमुळं लोकांचं मत बदलतं का?

थोडं. डोळ्यांना सवय होते. पण पडद्यावरच्या जोडीला होकार द्यायला खिशातून काही जात नाही. “ते मोठे लोक की ओ, त्यांना काय पण चालतंय,” असं म्हणून आपण त्यांना आपल्या नियमाबाहेर ठेवतो आणि नियम आहे तसा राहतो. मत बदलतं ते शेजारच्या घरात असं लग्न होऊन ते दहा वर्षं टिकलं की, असा माझा अनुभव.

भारतातले आकडे काय सांगतात?

२०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं ५ टक्क्यांच्या आसपास निघाली. प्यू या संस्थेनं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आपल्या समाजातल्या बायकांनी दुसऱ्या जातीत लग्न करणं थांबवणं फार महत्त्वाचं आहे, असं ६४ टक्के लोकांनी सांगितलं. पुरुषांबाबत ६२ टक्के. धर्माबाहेरच्या लग्नाबद्दल हिंदूंमध्ये ६७ आणि मुसलमानांमध्ये ८० टक्के, दोन्ही आकडे बायकांच्या लग्नाबद्दलचे.

आम्हाला असं लग्न नोंदवायचं आहे. बेळगावात कसं करायचं?

१९५४ चा विशेष विवाह कायदा यासाठीच आहे. जात, धर्म, देश काही आड येत नाही. मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण हवीत. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलाय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची. आपल्याकडं हे काम सब-रजिस्ट्रार कचेरीत होतं. ती नोटीस ३० दिवस कचेरीत लावली जाते. दुसऱ्याचा कायमचा पत्ता वेगळ्या जिल्ह्यातला असेल, समजा कोल्हापूरचा, तर एक प्रत तिकडंही जाते आणि तिथल्या फळ्यावरही लागते. घरी अजून सांगितलं नसेल तर हे ध्यानात घेऊन तारीख ठरवा, कारण त्या फळ्यासमोर उभं राहून नावं वाचणारी माणसं दोन्ही गावांत असतात. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. जोडीदार परदेशी असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि तो अविवाहित असल्याचा त्याच्या वकिलातीचा दाखला आधीच मागवून ठेवा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. परदेशात लग्न करायचं असेल तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा आणि तिथली भारतीय वकिलात.

आणि नावं आधार कार्डावर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर द्या. मराठी आडनाव आधी कानडीत आणि मग इंग्रजीत टाइप होताना हमखास बदलतं, आणि दुरुस्तीसाठी परत खेपा घालाव्या लागतात.